तुम्ही तेच कशावरून?

मतदान गुप्त असतं, पण मतदार जराही गुप्त राहत नाही. केंद्रात पाऊल टाकलं की पहिला मतदान अधिकारी यादीतला अनुक्रमांक आणि तुमचं अख्खं नाव, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, खणखणीत आवाजात वाचतो. ही त्याची हौस नव्हे. बाजूच्या बाकावर निरनिराळ्या पक्षांचे प्रतिनिधी बसलेले असतात. त्यांनी ते नाव ऐकावं, आपापल्या यादीवर खूण करावी आणि ‘हा माणूस तो नव्हेच’ असं वाटलं तर हरकत घ्यावी, म्हणून ही सोय आहे. या सोयीचा दुसरा उपयोग असा की वर्षानुवर्षं बंटीशेठ म्हणून मिरवणाऱ्या गृहस्थांचं पाळण्यातलं नाव धोंडीराम आहे, ही बातमी दर पाच वर्षांनी गल्लीला नव्याने मिळते.

नावानंतर चेहऱ्याची पाळी. अधिकारी एकदा कार्डाकडे बघतो, एकदा तुमच्याकडे, मग पुन्हा कार्डाकडे. कार्ड नव्वदच्या दशकातलं असेल तर त्यावर एक तिशीतला, भरघोस केसांचा इसम असतो आणि तो कॅमेऱ्याकडे असा बघत असतो की त्याला नुकतंच कुठल्या तरी गुन्ह्यात उचललंय. समोर उभे असतात ते निवृत्त काका. डोक्यावर मोजून चार केस, डोळ्यांवर मोतीबिंदूनंतरचा काळा चष्मा, एका हातात काठी.

‘‘काका, हे तुम्हीच का?’’

‘‘तेव्हा मीच होतो,’’ काका प्रामाणिकपणे सांगतात.

इथे अधिकाऱ्याची खरी परीक्षा. बिचारा एरवी जिल्हा परिषदेच्या शाळेत भागाकार शिकवतो. आदल्या दिवशी यंत्रं उतरवून घेतलीत, रात्री बाक जोडून झोपलाय, पहाटे साडेपाचला प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान उरकलंय. आता त्याने काकांच्या भुवया आणि कार्डावरच्या भुवया यांचं नातं ठरवायचं. तो नाक बघतो, कान बघतो आणि शेवटी ‘जाऊ द्या’ अशा अर्थाची मान हलवतो. लोकशाही या मानेवर उभी आहे.

ही कार्डं आपल्या आयुष्यात आली ती तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्यामुळे. त्याआधी ओळख पटवायचं काम गल्ली करत असे आणि बोगस मतदानाचं कामही बरेचदा गल्लीच करत असे. दुपारी जेवून, वामकुक्षी उरकून केंद्रावर गेलेल्या माणसाला ‘तुमचं झालंय की सकाळीच’ असं सांगितलं जाई. स्वर्गवासी झालेली मंडळी वर्षश्राद्धाला आली नाहीत तरी मतदानाला न चुकता येत. शेषन यांनी 1993 मध्ये छायाचित्र असलेल्या ओळखपत्रांचा आदेश काढला आणि 1 जानेवारी 1995 नंतर कार्डांशिवाय निवडणुका होणार नाहीत, असा दम भरला. इतक्या कोटी लोकांचे फोटो काढायचे कधी आणि पैसे आणायचे कुठून, म्हणून राज्य सरकारांना घाम फुटला. कार्डं काही सगळ्यांच्या हाती वेळेत पडली नाहीत. महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक मात्र फेब्रुवारी-मार्च 1995 मध्ये यथास्थित झाली. तरीही शेषन यांचा धाक एवढा की लोक शाळेच्या पटांगणात रांग लावून फोटो काढून घ्यायला गेले. त्या फोटोंमध्ये एकही माणूस हसताना दिसत नाही.

आता तर कार्ड नसलं तरी फारसं अडत नाही. निवडणूक आयोगाने पर्यायी कागदांची ऐसपैस यादी दिली आहे. आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं कार्ड, सरकारी नोकरीचं ओळखपत्र, यातलं काहीही चालतं. आमदार-खासदारांचं अधिकृत ओळखपत्रसुद्धा या यादीत आहे. ज्यांचे हसरे चेहरे वाढदिवसाच्या फलकांवरून चौकाचौकात आपल्याकडे बघत असतात, त्यांनाही इथे ‘मी तो’ हे सिद्ध करावं लागतं, या कल्पनेनेच काही मतदारांना मतदानाला जावंसं वाटत असेल.

नाही फक्त आपलं रेशनकार्ड. मराठी घरात कपाटाच्या आतल्या कप्प्यात, लग्नाच्या शालूखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जे दैवत बसलेलं असतं, त्याला मतदान केंद्रात प्रवेश नाही. घरपोच आलेल्या मतदार चिठ्ठीचंही तेच. ती तुमचं केंद्र सांगते, अनुक्रमांक सांगते, पण तुम्ही कोण हे ठरवायला ती एकटी पुरत नाही. चिठ्ठी फडकवत आलेल्या आजोबांना म्हणूनच परत पाठवलं जातं आणि ते जाताना ‘सरकारनेच पाठवली ना ही?’ असा बिनतोड सवाल टाकून जातात.

आपल्या नियमांच्या पुस्तकात, म्हणजे 1961 च्या निवडणूक संचालन नियमांत, एक मौजेचं कलम अजून जिवंत आहे. एखाद्या प्रतिनिधीला तुमच्या ओळखीबद्दल शंका आली तर तो आक्षेप घेऊ शकतो, पण त्यासाठी केंद्राध्यक्षाकडे रोख दोन रुपये अनामत भरावी लागते. आक्षेप उगाचच घेतलेला निघाला तर दोन रुपये सरकारजमा. त्या काळी दोन रुपये म्हणजे विचार करायला लावणारी रक्कम असेल. आज एखाद्याचं अस्तित्वच नाकारायला कटिंग चहापेक्षा कमी खर्च येतो. उलट, कोणी तुमच्या नावावर आधीच मत टाकून गेलं असेल तर तुम्हाला ‘प्रदत्त मत’ देता येतं. यंत्राचं बटण नाही, कागदाची मतपत्रिका मिळते. तुम्ही शिक्का मारता, ती पाकिटात जाते, पाकीट मोहोरबंद होतं आणि नेहमीच्या मोजणीत ते उघडलंच जात नाही. प्रकरण कोर्टात गेलं तरच त्याचं नशीब उघडायचं. तक्रारही ऐकून घेतली आणि निकालालाही धक्का नाही, असा हा खास आपला तोडगा.

हे सगळं आपल्याकडेच आहे, साहेबाच्या देशात कसं शिस्तीत चालतं, असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांच्यासाठी थोडं साहेबाबद्दल. इंग्लंडमध्ये परवापरवापर्यंत मतदाराने केंद्रावर जायचं, नाव आणि पत्ता तोंडी सांगायचा आणि मतपत्रिका घ्यायची, एवढंच होतं. ‘मी अमुक’ म्हटलं की ‘बरं’ म्हणायचे. मग 2022 चा निवडणूक कायदा आला आणि मे 2023 च्या स्थानिक निवडणुकांपासून तिथेही फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं. म्हाताऱ्यांचा बसपास चालतो. लंडनचं साठीनंतरचं ऑयस्टर कार्ड चालतं. विद्यार्थ्याचं ऑयस्टर कार्ड मात्र चालत नाही. फोटो दोन्हीवर असतो. पण साठीच्या माणसाचा चेहरा विश्वासार्ह आणि विशीतल्याचा संशयास्पद, हे मत आपल्याकडच्या भाडेकरू ठेवणाऱ्या घरमालकांनाही पटेल. त्या पहिल्याच खेपेला सुमारे 14,000 लोक केंद्रावरून परत गेले आणि पुन्हा फिरकलेच नाहीत, असं तिथल्या निवडणूक आयोगाने नोंदवलं.

खरी गंमत पुढच्या वर्षी झाली. मे 2024 मध्ये बोरिस जॉन्सन मतदानाला गेले आणि ओळखपत्र घरी विसरले. हा कायदा झाला तेव्हा पंतप्रधान कोण होते? हेच. खिशात एका मासिकाचं वेष्टन होतं, त्यावर त्यांचं नाव-पत्ता छापलेला होता, तेच त्यांनी पुढे केलं. केंद्रावरच्या लोकांनी नम्रपणे नकार दिला. माजी पंतप्रधान घरी गेले, वाहन परवाना घेऊन आले आणि मग मत दिलं. नंतर त्यांनी स्वतःच ही कहाणी लिहून त्या कर्मचाऱ्यांचं कौतुक केलं. त्यांच्याच मंत्रिमंडळात राहिलेले जेकब रीस-मॉग यांनी तर त्याआधीच जाहीरपणे कबूल केलं होतं की हा डाव आपल्यावरच उलटला, कारण ओळखपत्र नसलेली बरीचशी म्हातारी मंडळी आपलीच मतदार निघाली. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्याबद्दल आपल्याकडे म्हण आहे. साहेबाकडे माजी मंत्री आहेत.

याच इंग्लंडात आपल्या मुलांची वेगळीच चंगळ आहे. तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मताचा अधिकार आहे आणि ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. म्हणजे लंडनला एमएस्सी करायला गेलेला सांगलीचा पोरगा रीतसर नाव नोंदवून, कोपऱ्यावरच्या चर्चच्या सभागृहात जाऊन ब्रिटनचं सरकार निवडू शकतो. सांगलीचा खासदार निवडायचा असेल तर मात्र त्याला विमानाचं तिकीट काढून सांगलीला यावं लागतं. परदेशातून मतदानाची सोय आपण सैनिकांना आणि वकिलातीतल्या मंडळींना दिली, पोराला नाही. आईला अर्थात ही तरतूद मनापासून आवडते.

अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचं वेगळं पुराण. देशभर चालणारं एक ओळखपत्र त्यांच्याकडे नाहीच. टेक्सासने 2011 मध्ये कायदा केला, त्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना ओळख म्हणून मान्य केला आणि विद्यापीठाचं ओळखपत्र अमान्य. बंदूक घेऊन आलेला माणूस ओळखीचा आणि पुस्तक घेऊन आलेला परका, हा हिशेब टेक्सासच्या बाहेर समजावून सांगणं कठीण आहे. जिम राइट नावाचे गृहस्थ 34 वर्षं अमेरिकी प्रतिनिधीगृहात होते, त्यातली शेवटची अडीचेक वर्षं सभागृहाचे अध्यक्ष. नव्वदीला टेकल्यावर, 2013 मध्ये, ते मतदारांचं ओळखपत्र काढायला टेक्सासच्या कार्यालयात गेले. हातात मुदत संपलेला वाहन परवाना आणि विद्यापीठातलं प्राध्यापकाचं कार्ड. कार्यालय म्हणालं, चालणार नाही. अख्ख्या देशाचे कायदे ज्यांच्या हातोड्याखालून गेले, त्यांनी मग जन्माचा दाखला शोधून आणला.

त्याच वर्षी नावांची भानगडही झाली. परवान्यावरचं नाव आणि यादीतलं नाव तंतोतंत जुळलं नाही तर प्रतिज्ञापत्रावर सही करा, असा नियम. सँड्रा वॉट्स या तिथल्या न्यायाधीश. अनेक दशकं बिनतक्रार मत देत आल्या होत्या. परवान्यावर मधलं नाव माहेरच्या आडनावाचं निघालं आणि न्यायाधीशबाईंना ‘मी मीच आहे’ असं शपथेवर लिहून द्यावं लागलं. ज्या ॲटर्नी जनरल ग्रेग ॲबट यांनी हा कायदा न्यायालयात लढवला, त्यांनाही सही करावी लागली, कारण परवान्यावर ते ‘ग्रेगरी वेन’ होते आणि यादीत नुसते ‘ग्रेग’. मधल्या नावावरून एवढा गोंधळ घालणाऱ्या टेक्सासने आमच्या काकूंची कागदपत्रं बघावीत. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, मधे वडील, पुढे माहेरचं आडनाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहून मृणालिनी केली, मधे नवरा आला, आडनाव बदललं. आधारवर मृणाल. बँकेत एम. आणि मतदार यादीत ‘मुरलीनी’, लिंग पुरुष. टेक्सासचा संगणक हे बघून राजीनामा देईल.

पण यात माझी आवडती गोष्ट इंडियानाची आहे. तिथला कडक ओळखपत्र कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला. दुसऱ्याच्या नावाने केंद्रावर येऊन मत देण्याचा एकही प्रकार इंडियानात घडल्याचा पुरावा खटल्याच्या कागदपत्रांत नव्हता. तरीही एप्रिल 2008 मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा उचलून धरला. निकालाला जेमतेम आठवडा उलटला आणि राज्यात पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक आली. साउथ बेंड गावातल्या मठातल्या डझनभर जोगिणी, म्हणजे कॅथलिक नन, मतदानाला आल्या. ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्या, बहुतेक मठाबाहेर न पडणाऱ्या, गाडी न चालवणाऱ्या, त्यामुळे परवाना नाही. त्यांना परत पाठवलं गेलं. परत पाठवणारी अधिकारी कोण? त्यांच्याच मठातली, त्यांच्याबरोबर राहणारी भगिनी. तिला यांची नावंच काय, स्वभावसुद्धा पाठ असतील. कायद्यापुढे तिचाही इलाज नव्हता. बोगस मतदार म्हणून त्या राज्यात अडवले गेले ते कोण, तर ज्यांनी आज्ञापालनाची आयुष्यभराची शपथ घेतली होती अशा बाया.

न्याय दोन्ही बाजूंना द्यायचा तर हेही सांगितलं पाहिजे. अशा कायद्यांमुळे अमेरिकेत मतदान धडाधड कोसळेल, ही भीती व्यवहारात तितकीशी खरी ठरली नाही. 2008 ते 2018 या काळाची आकडेवारी घेऊन झालेल्या एका मोठ्या संशोधनात मतदानाच्या एकूण प्रमाणावर फारसा परिणाम दिसला नाही. मात्र फसवणूक कमी झाल्याचंही त्यात दिसलं नाही. म्हणजे एका पक्षाची आशा आणि दुसऱ्याची भीती एकाच अभ्यासात निकालात निघाली. राहता राहिल्या त्या परत गेलेल्या जोगिणी. त्या टक्केवारीत दिसत नाहीत.

आपली कुलपाची जागाच वेगळी. तिकडे भांडण दारात होतं, आपल्याकडे यादीत. हातात मान्य असलेले सगळे कागद असले तरी मतदार यादीत नाव नसेल तर तुम्ही त्या केंद्रापुरते नाहीतच. ही परंपरा जुनी आहे. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादी करणारे दारात गेले तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच लिहा म्हणाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ते मान्य केलं नाही आणि सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली. नाव घ्या म्हटल्यावर त्यांना उखाणा सुचला असेल, पण त्यात नाव असतं नवऱ्याचं. यादीला ते उपयोगाचं नव्हतं.

2014 च्या लोकसभेला मुंबई-पुण्यात हजारो मतदार कार्ड घेऊन केंद्रावर गेले आणि यादीतून गायब निघाले. एचडीएफसीचे दीपक पारेख त्यांच्यापैकीच एक. ज्यांच्या कंपनीने देशातल्या लाखो कुटुंबांना कर्ज देऊन हक्काचा पत्ता मिळवून दिला, त्यांचाच पत्ता यादीला लागला नाही. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी जाहीर माफी मागितली. सरकारी माफी ही आपल्याकडे इतकी दुर्मीळ वस्तू आहे की तिच्यासाठी एखादं मत गेलं तरी काही लोकांना चाललं असतं.

2025 मध्ये बिहारने तर कळस केला. विधानसभेच्या तोंडावर मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी निघाली. 2003 च्या यादीत ज्यांचं नाव नव्हतं त्यांच्याकडून 11 कागदांपैकी एक मागितला गेला. त्या अकरांत आधार नव्हतं, रेशनकार्ड नव्हतं आणि खुद्द निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्रही नव्हतं. यादी तपासायची तर त्याच यादीवरून दिलेलं कार्ड पुरावा कसं होईल, असा आयोगाचा युक्तिवाद. तर्क बिनतोड आहे, फक्त ते कार्ड तीस वर्षं जपून ठेवणाऱ्याला तो ऐकवू नये. त्याच सुमारास पाटण्याजवळ मसौढीच्या कार्यालयातून ‘डॉग बाबू’ या नावाने, कुत्र्याच्या फोटोसह, रहिवासी दाखला दिला गेल्याचं उघड झालं. वडिलांचं नाव ‘कुत्ता बाबू’. बोभाटा झाल्यावर दाखला रद्द झाला आणि गुन्हाही दाखल झाला. रहिवासी दाखला त्या मान्य अकरा कागदांपैकी एक होता, एवढं लक्षात घ्या. पुढे कच्च्या यादीतून सुमारे 65 लाख नावं बाहेर राहिली. मृत, स्थलांतरित, दुबार किंवा सापडत नाहीत, अशी कारणं दिली गेली. त्यात खरोखरचे मृत आणि दुबार पुष्कळ असणार, यात शंका नाही. पण ऑगस्टमध्ये राजकीय कार्यकर्ते योगेंद्र यादव यांनी यादीने मृत ठरवलेली दोन माणसं सर्वोच्च न्यायालयातच उभी केली. न्यायालयापुढे मृतांनी हजर राहणं हे एरवी फक्त भुताच्या गोष्टींत घडतं. सप्टेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशाने आधार हा बारावा कागद झाला. पाठोपाठ ही तपासणी गोव्यासह आणखी राज्यांत सुरू झाली.

बोगस मतदार रोखायला कागद लागतो, हे शेषन यांच्याआधीची दुपार पाहिलेला कोणीही नाकारणार नाही. पण कागदाची खोड अशी की ज्याला गाव ओळखतं त्याला तो अडवतो आणि ज्याला गाव ओळखत नाही तो माणूस कागद आधीच तयार करून आलेला असतो. म्हणून ओळख पटवायची जबाबदारी मतदारावर टाकायची असेल तर ओळखपत्र आणि यादी त्याच्या दारापर्यंत पोचवायची जबाबदारी सरकारने घेतली पाहिजे, जशी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून उन्हातान्हात हिंडणाऱ्या शिक्षिका घेतात. नुसतं ‘कागद दाखवा’ म्हणणं हे काम फारच सोपं आहे.

तोवर आपण आपलं काम करू. यादीत आपलं नाव आहे का, हे मतदानाच्या सकाळी नव्हे, आजच बघा. नवं नाव घालायला नमुना 6, पत्ता किंवा चूक बदलायला नमुना 8. उमेदवारी अर्जांची अखेरची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादीची दारं बंद होतात, मग तिथे ओरडून उपयोग नाही. इंटरनेट जमत नसेल तर 1950 या क्रमांकावर फोन करा. आणि यादीत तुमचं लिंग, वडील किंवा वय बदललेलं आढळलं तर हसून सोडून देऊ नका, अर्ज भरा.